विश्लेषण : मोबाइल होल्डर हँडलवर की स्टीअरिंग स्टेमवर? फोनच्या कॅमेऱ्याला धोका किती, कायदा काय सांगतो?

जेवणाची पार्सले पोहोचवणारे तरुण, बाइक टॅक्सीचालक आणि रविवारी घाटात निघणारे हौशी रायडर यांच्या दुचाकींवर आता एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे मोबाइल होल्डर. गुगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीस्वारांसाठी स्वतंत्र मार्गाची सोय सुरू केली, तेव्हापासून खिशातला फोन हँडलवर येण्याचे प्रमाण वाढत गेले. स्पोर्ट बाइकच्या हँडलवर मात्र नेहमीचा होल्डर नीट बसत नाही. अशा बाइकसाठी हँडलऐवजी थेट स्टीअरिंग स्टेममध्ये बसणारे माउंट मिळते. ते घेण्याआधी काय पाहावे?

स्टीअरिंग स्टेम म्हणजे नेमके काय?

पुढच्या चाकाचे दोन्ही शॉकअप वर आणि खाली एकेका प्लेटमध्ये पकडलेले असतात. या दोन प्लेटना जोडणारी मधली उभी दांडी म्हणजे स्टीअरिंग स्टेम. चेसीच्या गळ्यातल्या बेअरिंगवर ही दांडी फिरते आणि बाइक वळते. अनेक स्पोर्ट बाइकमध्ये ती पोकळ असते आणि वरच्या नटच्या मधोमध तिचे भोक दिसते. कधी त्यावर प्लास्टिकचे झाकण असते. आरवनफाइव्ह किंवा आरसीसारख्या बाइकला शॉकअपवर दोन वेगळे आखूड दांडे म्हणजे ‘क्लिप-ऑन’ हँडल असतात. त्यावर ब्रेक, क्लच आणि बटणे बसली की होल्डरला जागाच उरत नाही. मग हे भोक कामाला येते.

साध्या कम्युटर बाइकवर परिस्थिती उलट असते. तिथे हँडलचा सलग पाइप स्टेमच्या वरून जातो आणि स्टेम बहुधा झाकली जाते. स्प्लेंडर चालवणाऱ्याने स्टेम माउंटच्या मागे लागण्याचे कारण नाही, हँडलचा क्लॅम्प पुरेसा आहे.

ही जागा चांगली का मानतात?

हँडल वळते ते स्टेमच्या अक्षाभोवती. त्यामुळे अक्षावर बसवलेला फोन जागच्या जागी फिरतो, टाकीवर किंवा फेअरिंगवर आपटण्याची शक्यता कमी होते. शिवाय हँडलचे टोक मोकळे असल्याने तिथे कंपन जास्त जाणवते. मध्यभागी तुलनेने कमी. तोटाही आहे. ही जागा मीटरच्या मागे आणि खाली असते. नजर रस्त्यावरून जास्त खाली आणावी लागते. ताशी ५० किलोमीटर वेगात बाइक सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. दोन सेकंद नकाशा पाहिला की २८ मीटर रस्ता न बघता मागे पडतो.

फोनचा कॅमेरा का बिघडतो?

‘स्टेमवर कंपन नसते’ असे विक्रेते सांगतात, ते खरे नाही. बहुतेक बाइकचे इंजिन चेसीला थेट बोल्टने जोडलेले असते आणि चेसीतून कंपन बेअरिंगमार्गे स्टेमपर्यंत येते. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० धक्के फक्त त्याच्या पिस्टनच्या वर-खाली होण्याचे. काही इंजिनांत ते कमी करण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट असतो (रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिऑरच्या ३५० सीसी इंजिनात तो दिला). कंपन त्याने कमी होते, संपत नाही.

आता फोनच्या आत पाहू. महागड्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून लेन्स किंवा सेन्सर बारीक स्प्रिंगवर तरंगता ठेवलेला असतो. जायरोस्कोप हालचाल ओळखतो आणि चुंबकाच्या साहाय्याने लेन्स उलट दिशेला सरकवली जाते. ही रचना हाताच्या हळू थरथरीसाठी केलेली आहे. तासन् तास इंजिनाचे जलद धक्के बसले की ती ढिली पडू शकते. मग कॅमेरा उघडताच चित्र थरथरते, फोकस धरत नाही, कधी आतून गुणगुण आवाज येतो.

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये याबाबत ग्राहकांना जाहीर सूचना केली. जास्त ताकदीच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर आयफोन लावू नका, चेसी आणि हँडलमधून येणाऱ्या कंपनाने कॅमेरा खराब होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. मोपेड, स्कूटर आणि इलेक्ट्रिक दुचाकींवर कंपन कमी असते, तरी तिथेही कंपन शोषणारे माउंट वापरा, असा सल्ला आहे. अशा तरंगत्या लेन्सचे अँड्रॉइड फोनही याला अपवाद नाहीत. कंपन शोषणारा रबरी किंवा सिलिकॉनचा जोड अनेकदा वेगळा विकत घ्यावा लागतो. माउंटवर पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

बसवताना काय काळजी घ्यावी?

स्टेम माउंटची कल्पना साधी आहे. भोकात रबरी किंवा धातूचा फुगणारा भाग घालायचा, वरचा बोल्ट आवळला की तो आतून पसरून घट्ट बसतो. त्यामुळे भोकाचा आतला व्यास अचूक माहीत हवा. तो व्हर्नियर कॅलिपरने मोजा. मोजपट्टीने अंदाज चुकतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो. आतले ग्रीस आणि माती कापडाने पुसा, नाहीतर रबर घसरते.

सर्वात महत्त्वाचे : स्टेमचा मोठा नट सैल करू नका. कोनसेटवर किती दाब राहील हे त्याच्याशी जोडलेले आहे. तो हलला तर हँडल डगमगते किंवा जड होते. माउंट लावण्यासाठी नट काढावा लागेल असे कोणी सांगितले, तर ते माउंट तुमच्या बाइकचे नाही. बोल्टही जोर लावून आवळू नका, माउंट हाताने फिरत नाही इतपत पुरे.

मग फोन लावून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकचा होज, मीटर यांना काही लागते का पाहा. किल्लीचे भोक स्टेमच्या अगदी जवळ असते, किल्ली घालता-काढता आली पाहिजे. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा, रबर बसले की तो थोडा ढिला होतो.

कायदा परवानगी देतो का?

होय, पण फक्त रस्ता पाहण्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना मोबाइलसारखे उपकरण केवळ मार्ग शोधण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. त्यापलीकडे हातात फोन धरून वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दंड दहा हजार.

खरी कोंडी कोणाची?

हौशी रायडर फोन खिशात ठेवू शकतो. मिटिऑरसारख्या काही बाइकच्या मीटरजवळ छोट्या पडद्यावर बाण दिसतात, तेवढ्याने त्याचे भागते. डिलिव्हरीवाल्याचे तसे नाही. नवी ऑर्डर चालत्या गाडीवरच वाजते आणि ती स्वीकारायला मोजके सेकंद मिळतात. पडद्यावर बोट लावणे म्हणजे रस्ता शोधणे नव्हे, म्हणून नियमाची सूट त्याला लागू होत नाही. माउंट कितीही पक्के असले तरी हे बदलत नाही. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. गाडी थांबेपर्यंत ऑर्डर राखून ठेवण्याची सोय ॲपमध्ये करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. फोनमधला जीपीएस वेग सांगतोच.