बांधून ठेवण्याचा मोबदला

दिवाळी आटोपली की चौसाळ्याला खेटून जाणाऱ्या धुळे–सोलापूर महामार्गाने दोन प्रकारची माणसे गाव सोडतात: संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्याच्या कंपन्यांत रुजू झालेली आणि सणापुरती घरी आलेली तरुण मंडळी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते व लेकरे घालून पश्चिम महाराष्ट्राच्या नि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघणारी ती जोडपी, ज्यांची गणना मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' अशी होते.

आमच्या आळीतल्या एका मुलाचा नेमणुकीचा दस्तऐवज त्याच्या वडिलांनी मजकडे वाचावयास आणला, तेव्हा त्यात एक शर्त आढळली: राजीनामा दिल्यानंतर तीन महिने कंपनीचा पगार घ्यावा, परंतु कचेरीत पाऊल ठेवू नये आणि त्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे चाकरीही करू नये. विलायतेत रूढ झालेली ही 'गार्डन लीव्ह' होय. "घरी बसून पगार भेटतोय म्हणल्यावर वाईट काय त्यात, गुरुजी?" असे त्या गृहस्थांनी विचारले, आणि ज्याने तीस हंगाम ऊस तोडला, ज्याचा घरी बसलेला प्रत्येक दिवस 'खाडा' म्हणून कापला गेला, त्याने तसे विचारावे हे स्वाभाविकच होते.

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखविला. समजा, मुलाचे वेतन 60,000 रुपये असून त्यातील 15,000 कामगिरीवर अवलंबून आहेत. रजेत मूळ 45,000 एवढेच हाती येणार. नवी कंपनी 75,000 देऊ करीत असेल तर तीन महिन्यांत 90,000 रुपयांची तूट येते. शिवाय नवा धनी तोवर थांबेलच याची हमी नाही, आणि ज्या विद्येला रोज धार लावावी लागते तिला गंज चढतो तो निराळाच. मालकालाही काम न घेता पगार मोजावा लागतो हे खरे, परंतु त्या खर्चातच या पद्धतीचे खरे मोल आहे. कारण बंधन फुकट मिळाले म्हणजे ते कितीही लांबविण्याचा मोह होतो, आणि पदरचे पैसे पडू लागले म्हणजे आपले गुपित खरोखर किती दिवस जपण्याजोगे आहे, याचा विचार तोच करू लागतो.

आपला कायदा या बाबतीत नोकराच्या बाजूला झुकलेला आहे. 1872 च्या करार कायद्याचे 27 वे कलम कायदेशीर धंद्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरविते. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातील एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या कारखान्यात जास्त पगारावर गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली मनाई हुकूम कायम केला, तो कराराची मुदत शिल्लक होती म्हणून. उलट नोकरी संपल्यानंतर तीन महिन्यांचा पगार देऊन इसमास अडवू पाहणाऱ्या कंपनीस मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली साथ दिली नाही. जर्मनीत असे बंधन चालते, पण अखेरच्या मोबदल्याच्या निम्म्याहून कमी रक्कम देता येत नाही, आणि दोन वर्षांपलीकडे ते लांबविता येत नाही.

मग कोयत्याचे काय? हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या जोडप्याला दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बाकी उरली तर पुढचा हंगामही बांधला जातो. प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचीच ही शर्त, पण येथे बंधनाचा मोबदला मालक देत नाही, बांधलेला माणूसच तो घामाने फेडतो. कर्जापायी अन्यत्र रोजगार करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, मग ते ठराविक मुदतीसाठी असो वा बेमुदत, हे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या व्याख्येतच बसते, याकडे मी वाचकांचे लक्ष कळकळीने वेधू इच्छितो. आणि रजा? बीड जिल्ह्यातील तोडकरी स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मासिक पाळीतला खाडा परवडत नाही ही या बायांची व्यथा साऱ्या राज्याने ऐकली.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती योग्यच झाली. पुढील कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा दराच्या आकड्यापूर्वी दोन कलमे लिहिली जावीत: आजारपण, पाळी व बाळंतपण यांच्या रजेला खाडा न धरता तिचा रोज कारखान्याने द्यावा, आणि हंगाम संपताच, उचलीची बाकी असो वा नसो, कोणताही कोयता कोणत्याही मुकादमाकडे जाण्यास मोकळा असावा, बाकीची वसुली इतर कोणत्याही देण्याप्रमाणे रीतसर व्हावी.