मुलाची चाचणी करायची, पण कोणती?

सहामाहीचे पेपर घरी आले, की काही घरांत वादळ उठते. तिसरीतला मुलगा तोंडी विचारले तर धडाधड उत्तरे देतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. वहीत मात्र ‘कमळ’चे ‘मकळ’ होते आणि फळ्यावरचे निम्मे उतरवायचे राहते. बाई शेरा मारतात, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ वडिलांच्या मते तो आळशी. आजी म्हणते, ‘अगं, याचा बापही लहानपणी असाच होता. होईल सगळं नीट.’ आणि आई सगळे झोपल्यावर त्या वह्या पुन्हा पुन्हा चाळत बसते.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते, ‘आयक्यू काढून घ्या.’ कुणी म्हणते, ‘बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगतात, तिकडे न्या.’ कुणी थेट औषधाचेच नाव काढते. पैसे जातात, वर्ष जाते आणि मुलाच्या मनात मात्र ‘मी ढ आहे’ हे पक्के बसते. खरे नुकसान होते ते हेच.

आधी प्रश्न, मग चाचणी

ताप आला म्हणून कुणी सगळ्या तपासण्या एकदम करत नाही. डॉक्टर आधी विचारपूस करतात. इथेही तेच. आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? वाचता-लिहिता येत नाही हे, एका जागी बसत नाही हे, की वयाच्या मानाने बोलणे-चालणेच मागे आहे हे? प्रत्येक प्रश्नाची चाचणी वेगळी असते.

त्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा अंधूक दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे मूल वर्गात ‘लक्ष न देणारे’च वाटते.

एक आकडा म्हणजे मूल नव्हे

बुद्धिमापनाची सुरुवात १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी केली. हेतू होता शाळेत कुणाला जास्त मदत हवी ते ओळखण्याचा, कपाळावर शिक्का मारण्याचा नव्हे. पुढे डॉ. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ हे नाव आजही सरकारी रुग्णालयांत ऐकू येते. डॉ. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी १९६० च्या दशकातली. चाचणी इतकी जुनी असेल, तर निष्कर्ष जपून काढावे लागतात. म्हणून ‘ही चाचणी केव्हाची आणि कुठल्या मुलांवर बेतलेली?’ हे विचारायला संकोच नको.

बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि साधारण दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. मूल आजारी असेल, घाबरले असेल, तर आकडा काही गुणांनी हलतो. ९६ आणि १०१ यांत फरक मानून भावंडांची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

शिवाय नुसत्या बुद्ध्यंकाने वाचनातली अडचण कळत नाही. त्यासाठी वाचन, शुद्धलेखन, आकलन आणि गणित वेगवेगळे तपासावे लागते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच यासाठी आपल्याकडे बराच वापरला जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा संच इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि कन्नडमध्येही तयार केला आहे. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. घरी मराठी, शेजारी दुसरी भाषा आणि शाळेत इंग्रजी असेल, तर अडचण इंग्रजीपुरतीच आहे की प्रत्येक भाषेत आहे, हे पाहिल्याशिवाय निदान करू नये. वाचन-लेखन अजून घडत असते, म्हणून आठव्या वर्षाच्या आधी सहसा पक्के निदान करत नाहीत. मदत मात्र त्याआधीही सुरू करता येते.

चंचल की लक्ष न टिकणारे?

अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. संगणकावर दहा मिनिटांचा खेळ खेळवून कुणी हे निदान करत असेल, तर सावध राहावे. लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, सहा महिने तरी टिकली आहेत का, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसतात का, हे पाहतात. म्हणून पालक आणि शिक्षक दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. फक्त वर्गातच अस्वस्थ होणाऱ्या मुलाला कदाचित वाचताच येत नसेल. अपुरी झोप, घरातली भांडणे, शाळेत होणारी मारहाण यांनीही लक्ष उडते.

‘बोलेल हळूहळू’ म्हणू नका

दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर थांबू नये. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची एक छोटी प्रश्नावली असते. तिच्यात शंका निघाली म्हणजे स्वमग्नता आहेच असे नाही. पुढची सविस्तर तपासणी हवी, एवढाच तिचा अर्थ. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत अशा मुलांसाठी सरकारी केंद्रे आहेत. तिथे तपासणीसाठी खर्च करावा लागत नाही.

कुणाकडे जावे?

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. मानसशास्त्रीय चाचणी घेणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, ते विचारावे. चार प्रश्न जरूर विचारा: कोणत्या चाचण्या घेणार आणि का? कोणत्या भाषेत? शाळेची माहिती घेणार का? निकाल समोर बसून समजावून सांगणार का? बोटांच्या ठशांवरून बुद्धी वा कल सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. तिथे पैसे घालवू नयेत.

मुलालाही विश्वासात घ्यावे. ‘तुला वाचताना त्रास का होतो, ते शोधून काढूया. यात पास-नापास नाही,’ एवढे पुरे. आदल्या रात्री त्याची नीट झोप होऊ द्यावी. तयारी मात्र करून घेऊ नये.

अहवाल कपाटात ठेवू नका

चांगल्या अहवालात नुसते आकडे नसतात. मुलाला काय जमते, कुठे अडते आणि घरी-शाळेत काय करावे, हेही लिहिलेले असते. ते कळले नाही तर पुन्हा जाऊन विचारावे. पैसे त्यासाठीच दिलेले असतात.

महाराष्ट्राने १९९६ सालीच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि ते ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातूनच घ्यावे लागते. कुठल्या, ते शाळेकडे किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावे. खासगी अहवाल तिथे पुरेसा ठरेलच असे नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पालक प्रमाणपत्र टाळतात आणि मूल दहावीला वेळ कमी पडून मार खाते.

तिसरीतल्या त्या मुलाचे बाबा अहवाल वाचून एकदा जरी म्हणाले, ‘तू आळशी नव्हतास रे, आम्हालाच कळलं नव्हतं,’ तरी चाचणीचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे रोजच्या सरावाने, बाईंच्या मदतीने आणि आजीच्या गोष्टींनी होईल. गोष्टी तर तो आधीपासूनच छान सांगतो.