जीर्णोद्धार की अवयवबदल?

१९५० च्या दशकातील रॅले सायकलीचा ‘जीर्णोद्धार’ करताना स्टर्मी-आर्चरचे ‘एडब्ल्यू’ हब काढून नवे शिमानो बसवा, हा सल्ला मला अमान्य आहे. नॉटिंगहॅमच्या या तीन-गियरी हबच्या कवचावर निर्मितीचे वर्ष-महिना ठशाने उमटवलेले असतात. चाक मूळचे असेल, तर सायकलीचा काळ सांगणारा तो शिलालेखच; आणि तो भंगारात घालणारे स्वतःस इतिहासप्रेमी म्हणवतात! शिवाय त्या काळच्या ब्रिटिश प्रथेप्रमाणे मागच्या रिमला ४० छिद्रे; ३६ छिद्रांचे नवे हब आणले की मूळ रिमही गेली. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये पेडल रिकामे फिरते, हा आक्षेप खरा. परंतु केबलचा ताण नीट जुळवला की तो त्रास बहुधा थांबतो. आतली यंत्रणा झिजलीच, तर दुसऱ्या एडब्ल्यूची त्याच कवचात बसवता येते.