ज्युरी परत नको!

कोर्टाच्या तारखा पुरे झाल्या, पूर्वीसारखी ज्युरी आणा, सामान्य माणसांनाच निकाल देऊ द्या, असं आमच्या सोनिवली-बदलापुरात २०२४ नंतर मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं. ऐकायला गोड वाटतं. पण मंडळी, ज्युरीचा आपल्याकडचा इतिहास आठवा.

१९०८ साली लोकमान्यांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत नऊ जण. सात युरोपियन, दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्युरीपुढे काय, तर इंग्रजी भाषांतरं! सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा कौल आला आणि टिळक सहा वर्षं मंडालेला गेले.

"ते परक्यांचं राज्य होतं," असं कोणी म्हणेल. बरं, स्वराज्यातलं पाहू. १९५९ साली मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, शहरात त्यांचा जयजयकार झाला. ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या एका खटल्यामुळे ज्युरी गेली, ही मात्र दंतकथा. लॉ कमिशनने १९५८ सालीच ती रद्द करा म्हणून सुचवलं होतं, आणि १९७३च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. गणितात नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण मार्क देत नसे. पायऱ्या दाखव, म्हणायचो. ज्युरी पायऱ्या दाखवत नाही. दोषी किंवा निर्दोष, संपलं! न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात, म्हणून वरच्या कोर्टाला त्याची चूक सापडते.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरलेल्यांचा संताप खरा होता. चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता. पण तिथल्या तिथे फाशी द्या, ही मागणीही बिनपायऱ्यांचं उत्तरच होती. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले. खटला चाललाच नाही. त्या मुलींच्या आईवडिलांना कोर्टाने लिहिलेलं एक पानही मिळालं नाही.

मागायचंच असेल तर जास्त न्यायाधीश मागा, भराभर चालणारी कोर्टं मागा. गर्दीला न्यायासनावर बसवू नका.