कोपऱ्यापर्यंतची सायकल

आमच्या कासारवाडीच्या घरात जिन्याखाली एक सायकल पंधरा वर्षे उभी होती. तिच्या कॅरिअरवर जुन्या गोण्या, हँडलला छत्र्या आणि सीटवर पाण्याचा रिकामा ड्रम. भंगारवाला महिन्यातून एकदा जिन्यात डोकावून विचारायचा, "ही द्यायची का?" अब्बा आतूनच म्हणायचे, "नाही." एवढेच. कारण त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही भावंडांनी कधी विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मनाने घेतले की रमजान ईदपर्यंत ही सायकल दुरुस्त करून अब्बांना द्यायची. ते आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे चालवणार नाहीत हे ठाऊक होते. तरीही डोळ्यांसमोर उभी राहील, एवढाच विचार.

अब्बा 1972 च्या दुष्काळानंतर उस्मानाबाद जिल्ह्यातून इकडे आले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली पिंपरीत आली होती. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीत एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहिले. अब्बांना आकुर्डीत काम लागले. राहायला मात्र कासारवाडी, म्हणजे सात-आठ किलोमीटरचे अंतर. पगारातून शिल्लक टाकून 1976 मध्ये त्यांनी पुण्यातून ही अ‍ॅटलस आणली. काळा रंग, सळईचे ब्रेक, मागच्या चाकाला डायनॅमो. पहिल्या पाळीला पहाटे सहाच्या आत निघायचे. पाळी सुटली की कारखान्यांच्या गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, तो आम्हीही लहानपणी पाहिला आहे. आज चाकणच्या कंपन्यांकडे जाणारी मुले कंपनीच्या बसमध्ये नाही तर मोटारसायकलवर असतात. नाशिक रस्त्यावरचे कंटेनर पाहिले की तिथे सायकल घाला असे आम्ही कुणाला सांगणारही नाही.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे सायकल ढकलत नेली. त्यांनी चाक फिरवून पाहिले आणि म्हणाले, "लोखंड चांगले आहे. घाई करू नका." मग रविवारी रविवारी आम्ही त्यांच्या हाताखाली बसलो.

ज्यांच्या घरी अशी सायकल पडून असेल त्यांच्यासाठी सांगतो. जोर लावून काहीही उघडू नये. पायडलचा दांडा ज्या कॉटर पिनने बसवलेला असतो ती गंजून घट्ट होते. तिच्यावर दोन दिवस तेल सोडत राहावे, मगच ठोकावी, नाही तर ती वाकते. चाकाचा अ‍ॅक्सल काढताना खाली थाळी ठेवावी, छर्रे मोजून घ्यावेत आणि झिजलेले असतील तर सगळेच बदलावेत. जुना चिकट ग्रीस रॉकेलने धुवावा. रिमवर वरवरचा गंज असेल तर चपात्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासावा, चकाकी बरीच परत येते. आमच्या मागच्या चाकाला 40 आणि पुढच्याला 32 तारा. सात तुटलेल्या निघाल्या. त्या बदलून चाचांनी चाकांचा आऊट काढला, तेव्हा आमच्या पोरांनी मोबाइल बाजूला ठेवून पाहिले.

अ‍ॅटलस कंपनी 1951 साली सोनीपतला सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. त्यामुळे सुटे भाग मिळणार नाहीत अशी आमची समजूत होती. पण या उंच काळ्या सायकली, कंपनी कोणतीही असो, जुन्या इंग्रजी सायकलीच्याच घडणीच्या. एकीचे टायर दुसरीला बसतात. 28 इंची टायर-ट्यूबचे दोन जोड हजार रुपयांत आले. चेन, फ्रीव्हील आणि पायडल 450, छर्रे, पिना आणि ब्रेकचे रबर 150, चाचांची मजुरी 700. एकूण 2,300 रुपये.

रंगाचा विचार झाला तेव्हा अब्बा पहिल्यांदा बोलले, "रंग मत मारो रे उसको." वरच्या नळीवर एका जागी रंग पार उडाला होता. तिथे एका छोट्या सीटचा नट घासत असे. त्या सीटवर बसून आम्ही तिघे भावंडे आळीपाळीने शाळेत गेलो होतो. रंग मारायचा विचार तिथेच सोडला.

आणि तिथेच एक जुनी गोष्ट वर आली. आठवी-नववीत गेल्यावर वर्गातल्या काही मुलांचे वडील स्कूटरवर येऊ लागले. आमच्या अब्बांची पँट खाली क्लिपने आवळलेली, कॅरिअरला डबा बांधलेला. आम्ही एकमेकांत ठरवून त्यांना सांगितले, "अब्बा, तुम्ही कोपऱ्यावरच थांबत जा. गेटजवळ गर्दी असते." गर्दी नव्हतीच. अब्बांनी मान हलवली आणि पुढची दोन-तीन वर्षे ते पाळीवरून परत येताना कोपऱ्यावरच थांबत राहिले, पावसातसुद्धा. आम्ही मोठे झालो, शिकलो, शिकवू लागलो. हे मात्र घरात कुणी काढले नाही.

आज आमच्या वर्गात हेच दिसते. पालकसभेला आईला बुरखा काढून ये म्हणणारी मुलगी असते, वडील रिक्षा चालवतात म्हणून त्यांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिणारा मुलगा असतो. त्यांना रागवायला तोंड उघडतो आणि तो कोपरा आठवतो. नबी करीम (स.) आपल्या चपला स्वतः सांधत, कपड्यांना स्वतः ठिगळ लावत, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण हातात तेल-ग्रीस असलेल्या माणसाबरोबर गेटपर्यंत चालत जाणे, हे पाठ करून येत नाही. ते आपल्याकडे पाहूनच मुले शिकतात.

ईदच्या आदल्या रात्री सायकल घरी आणली. अब्बांनी घंटी वाजवली, चाक उचलून फिरवले आणि ते थांबेपर्यंत आवाज ऐकत राहिले. आम्ही धीर करून म्हणालो, "अब्बा, आम्ही तुम्हाला शाळेच्या कोपऱ्यावर उभे करायचो. चुकले आमचे."

अब्बा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत होते मला, गर्दी नव्हती ते." आणि मागच्या टायरची हवा दाबून पाहत पुढे म्हणाले, "पण त्या कोपऱ्यावर चहा चांगला मिळायचा."

ईदच्या नमाजला निघताना ते सायकल घेऊन निघाले. चालवत नव्हते, हँडल धरून शेजारून चालत होते. डॉक्टरांनी सुचवलेली काठी त्यांनी वर्षभर हातात घेतली नव्हती. ही मात्र घेतली. आता रोज फजरला सायकल त्यांच्यासोबत जाते आणि येताना हँडलला दुधाची पिशवी आणि मेथीची जुडी असते. चालायला आधार होतो आणि बघणाऱ्याला वाटते, माणूस सायकल घेऊन निघाला आहे.

ईदच्या दिवशी आम्ही तिघेही त्यांच्यासोबत चालत गेलो. मशिदीच्या गेटपर्यंत.