विश्लेषण : नकाशावर मोकळी दिसणारी जागा खरंच मोकळी असते का? नवी मुंबईत उद्यानाची जागा कशी ठरवावी?

पाम बीच रोडवरून जाताना खाडीच्या बाजूला मोकळी जमीन दिसते. इथे एखादं सुंदर उद्यान करायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. पण ओहोटीला चिखल असलेली हीच जमीन भरतीला पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात. उपग्रहाच्या एका छायाचित्रात यातली एकच वेळ दिसते. म्हणून जागा निवडताना एक नकाशा पुरत नाही.

नकाशांचे थर म्हणजे काय?

१९६९ मध्ये इयान मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टने ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात ही पद्धत लोकप्रिय केली. उतार, माती, पाणी, झाडं अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा पारदर्शक नकाशा करायचा आणि ते एकावर एक ठेवायचे. आज हेच काम जीआयएस सॉफ्टवेअर करतं.

यात दोन प्रकारचे थर असतात. काही थरांना गुण द्यायचे : वस्ती किती जवळ, स्टेशनपासून चालत येता येतं का, आसपास आधीच उद्यान आहे का. काही थर मात्र थेट ‘नाही’ म्हणतात : कांदळवन, पाणथळ जागा, नाल्याचा मार्ग. हा फरक पाळला नाही, तर स्टेशनजवळ असल्याचे भरपूर गुण मिळवून कांदळवनाची जागाही पहिली येऊ शकते.

नवी मुंबईत ‘नाही’चे थर इतके महत्त्वाचे का?

पूर्वेला पारसिकचे डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी, अशा पट्ट्यात हे शहर आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्यातला बराच भाग सखल जमिनीवर वसवला. म्हणूनच इथे धारण तलाव आहेत. भरतीच्या वेळी त्यांची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. अशा तलावाची जागा सुशोभीकरणात आक्रसली, तर पाणी रस्त्यावर येणार.

कायदाही आहेच. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरपर्यंतच्या बांधकामाला मनाई केली.

हिरवा प्रकल्पही चुकीच्या जागी असू शकतो?

हो. सीवूड्सच्या एनआरआय कॉम्प्लेक्स आणि टी. एस. चाणक्य परिसरात गोल्फ कोर्स आणि निवासी संकुलाची योजना होती. विरोधकांचं म्हणणं होतं की ही पाणथळ जागा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोल्फ कोर्सही हिरवाच असतो, पण गवताच्या हिरवळीवर फ्लेमिंगोंना खाद्य मिळत नाही. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो.

नेरूळच्या डीपीएस तलावाने काय दाखवलं?

सुमारे ३० एकरांचा हा तलाव भरतीच्या पाण्यावर जगतो. पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाले आणि २०२४ मध्ये तो कोरडा पडला. त्या दिवसांत कुणी त्याचा नकाशा काढला असता, तर तिथे रिकामा भूखंडच दिसला असता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. म्हणजे नकाशात ऋतू आणि भरती-ओहोटीही हवी, आणि पाणी कुठून येतं तेही हवं.

मग उद्यान करायचं कुठे?

कोपरखैरणेचं निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं आहे. अशा जागी जमीन खचणं, कचऱ्यातला वायू, झिरपणारं दूषित पाणी यांची तपासणी करावी लागते. पण तिथे नवं काही नष्ट होत नाही, आणि दाट वस्तीला चालत जाण्याच्या अंतरावर मोकळी जागा मिळते.

आपण काय करू शकतो?

तुमच्या भागात उद्यान किंवा सुशोभीकरणाची घोषणा झाली, की गुगल अर्थवर त्या जागेची जुनी छायाचित्रं पाहा. इस्रोच्या ‘भुवन’ पोर्टलवरही नकाशे मिळतात. मग भरतीच्या वेळी एकदा आणि जोरदार पावसात एकदा तिथे जाऊन या. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती मागवल्या जातात. तेव्हा तारखेसह काढलेला तुमचा फोटो उपयोगी पडतो. कारंजं कसं असावं, यावर नंतरही बोलता येईल. आधी विचारा : इथलं पाणी कुठे जाणार?