चुलीजवळचें ज्ञान

शाळेंत शिकलेल्या पुष्कळशा गोष्टी परीक्षेबरोबर विसरल्या जातात. परंतु शिजलेल्या अन्नावांचून ज्याचें चालेल असा मनुष्य विरळा. असें असतां अन्न शिजविण्याचें ज्ञान आपल्याकडे ‘बायकांच्या युक्त्या’ ह्या नांवाखालीं एका बाजूस टाकलें जातें, व त्यामुळें दुहेरी हानि होते. ज्या युक्त्या उत्तम आहेत त्यांचें कारण कोणी विचारीत नाहीं. आणि ज्या वाईट आहेत त्याहि, कोणी विचारीत नाहीं म्हणूनच, टिकून राहतात. आमचें म्हणणें असें कीं, स्वयंपाकघरांतील प्रत्येक युक्ति तिच्या कारणासह शिकली पाहिजे, आणि ती मुलींइतकीच मुलग्यांनींहि शिकली पाहिजे. हें केवळ उपदेशपर वाटूं नये म्हणून रोजच्या जेवणांतील दोनचार पदार्थच घेऊं.

प्रथम भात. तांदूळ चारपांच पाण्यांनीं चोळून धुवावे, भरपूर पाण्यांत शिजवावे व वरचें पाणी ओतून द्यावें, म्हणजे भात मोकळा व शुभ्र होतो, असें पुष्कळ घरीं समजतात. ह्या रीतीनें भातास शोभा येते, पण त्याचें सत्त्व जातें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत क्रिस्तियान आइकमन नांवाच्या डच डॉक्टरास असें आढळलें कीं, सडून शुभ्र केलेल्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा दिला म्हणजे त्या पुन्हां बऱ्या होतात. ह्या कामाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोंड्यांतील त्या द्रव्यास आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतों. तें पाण्यांत विरघळतें. आमच्या कोंकणांतील उकड्या तांदुळाची चाल ह्या दृष्टीनें शहाणपणाची आहे. साळी टरफलासकट उकडून मग सडल्यामुळें तें सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें. आणि पेज खाल्ली म्हणजे पाण्यांत उतरलेलेंहि वायां जात नाहीं. म्हणून तांदूळ हलक्या हातानें एकदोनदां धुवावे, पाणी मापानें घालावें, आणि उरलेंच तर तें आमटींत घालावें. शिजलेला भात मात्र तासन्‌तास उबेंत ठेवूं नये. शिजविण्यानेंहि न मरणारे कांहीं जंतूंचे बीजाणू त्यांत असूं शकतात. ते वाढून जें विष करतात तें पुन्हां तापविल्यानेंहि जात नाहीं.

आतां डाळ. ‘डाळच वाईट निघाली’ हा दोष पुष्कळ वेळां डाळीचा नसतो. कच्च्या डाळींत चिंच किंवा आमसूल टाकलें तर आंबटपणामुळें दाणा लवकर मऊ होत नाहीं. विहिरीचें जड पाणीहि त्यांतील चुन्याच्या अंशामुळें असाच अडथळा करतें. अशा वेळीं सोड्याची चिमूट टाकण्याची संवय पुष्कळांस असते. सोड्यानें डाळ मऊ होते खरी, पण ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षां डाळ आधीं भिजवावी, व आंबट शेवटीं घालावें. पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे ज्योत वाढवूं नये. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांहून अधिक तापत नाहीं. मोठ्या ज्योतीनें इंधन जळतें, डाळ लवकर शिजत नाहीं. महाबळेश्वरास पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळतें, म्हणून तेथें डाळीस अधिक वेळ लागतो. उलट प्रेशर कुकरांत वाफ कोंडली जाऊन उष्णता सुमारें १२० अंशांपर्यंत चढते. देनी पापँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं प्रथम असें भांडें केलें. आज तें घरोघरीं शिटी वाजवीत आहे.

ज्वारीच्या पिठांत गव्हाच्या पिठासारखा चिकट बंध नसतो. म्हणून सुगरण आधणाचें पाणी घालून पीठ मळते. उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकट होतें व भाकरी चिरत नाहीं. बाजरीच्या पिठांतील स्निग्धांश थोड्याच दिवसांत बिघडून पीठ कडू होतें, म्हणून बाजरी लागेल तशी थोडी थोडी दळावी. ज्या बाईनें शाळेचें तोंडहि पाहिलें नाहीं तिच्या हातास हें सर्व ठाऊक असतें. तिला अडाणी म्हणणाऱ्यानें एकदां भाकरी थापून पाहावी.

पालेभाजी चिरून मग धुतली तर तिचें सत्त्व मोरींत जातें. म्हणून आधीं धुवावी, मग चिरावी, व थोड्या पाण्यांत शिजवावी. जेवतांना तीवर लिंबाची फोड पिळावी. लिंबांतील क जीवनसत्त्वामुळें भाजींतील व डाळींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ह्याच्या उलट होतें. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. सर्वांचें अन्न जी शिजविते तिच्याच अंगांत रक्त नाहीं! ह्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु सर्वांचीं पानें उठल्यावर तळाशीं उरेल तें तिनें खावें, ही चाल त्यांपैकीं एक नव्हे असें कोण म्हणेल?

कोणी म्हणतील कीं, शाळा विद्येसाठीं आहे, चुलीसाठीं नव्हे. पण वर जें सांगितलें तें रसायन, पदार्थविज्ञान व आरोग्यशास्त्र ह्यांहून निराळें काय आहे? दुसरे म्हणतील कीं, मुलग्यांस हें काम शोभत नाहीं. सैन्यांत, आगबोटीवर व खानावळींत बहुतकरून पुरुषच अन्न शिजवितात. पगार मिळाला तर काम पुरुषाचें, न मिळाला तर बाईचें, हा कोठला न्याय?

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत एक वही घ्या. आईजवळ किंवा आजीजवळ बसा. तिचें मूठचिमटीचें माप वाटीचमच्यानें मोजून लिहा, व प्रत्येक कृतीपुढें कारणासाठीं जागा सोडा. कारण न सांपडल्यास शास्त्राच्या शिक्षकांस विचारा. तेंहि सांपडले नाहींत तर स्वतः करून पाहा. मग एके दिवशीं सर्व स्वयंपाक तुम्हीच करा, आणि वाढण्यापूर्वीं घरांत जितकीं माणसें तितकीं पानें मांडा. त्यांत आईचें पान आहे ना, एवढें पाहा, आणि भाजी पहिल्यानें तेथें वाढा.